मांजर लिटर बॉक्स सोडून गादीवर शू करतंय: आधी काय बघायचं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. चार वर्षांचा, नसबंदी झालेला, घरातच राहणारा बोका. इतकी वर्षं बॉक्समध्ये नीट जायचा. गेला दीड महिना मधूनमधून गादीवर आणि बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर शू करतो, शी मात्र बॉक्समध्येच. दोन महिन्यांपूर्वी घरात एक पिल्लू आलं, त्याच सुमाराला लिटर (बॉक्समधले शू शोषणारे दाणे) बदलून सुवासिक आणलं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, पाच दिवसांत थांबलं, तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू झालं. ओरडून झालं, नाक घासून झालं. घरातले म्हणतात की पिल्लू आणल्याचा राग काढतोय, त्याला कुणाला तरी देऊन टाका.

मी पशुवैद्य आहे आणि गेली बावीस वर्षं मुख्यतः मांजरंच बघते. उत्तर लांब होणार आहे, पण एक गोष्ट बाकीचं वाचण्याआधी तपासा: त्याला शू होतेय ना?

बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. त्यात स्फटिक आणि चिकट स्राव मिळून बूच बसला की लघवी अडते. मग तो बॉक्समध्ये जातो, बसतो, कुंथतो, बाहेर येतो आणि पाच मिनिटांत पुन्हा जातो. मागचा भाग सतत चाटतो, कधी ओरडतो, आणि लिटरमध्ये ओल दिसत नाही किंवा जेमतेम दोन थेंब दिसतात. पुष्कळ लोकांना ही बद्धकोष्ठता वाटते. एका कुटुंबानं असाच बोका रात्रभर घरी ठेवला होता, शी होण्याचं औषध देऊन. सकाळी टेबलावर ठेवल्यावर त्याच्या पोटाला हात लावला तर लघवीची पिशवी चेंडूसारखी टणक, आणि हृदयाचे ठोके इतके मंद की माझ्या सहकाऱ्यानं स्टेथोस्कोप दुसऱ्यांदा लावून पाहिला. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम साठत जातं आणि त्याचा घाव हृदयावर पडतो. तो बोका वाचला, पण पहिल्या चोवीस तासांतच अवस्था गंभीर होऊ शकते आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. तेव्हा कुंथतोय आणि शू येत नाही असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा. सकाळची वाट बघू नका.

तुमचा बोका गादीवर भरपूर शू करतोय, म्हणजे आज अडलेलं नाही. पण दुखणं असलेल्या बोक्यात ते कधीही अडू शकतं, म्हणून ही खूण घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी.

आता रागाचं. मांजर सूड म्हणून शू करत नाही. हे मी त्याची बाजू घेण्यासाठी म्हणत नाही. हा समज मनात बसला की माणूस कारण शोधणं थांबवतो, आणि मी पाहिलेल्या कितीतरी मांजरांचे महिने त्यात वाया गेले आहेत. गादी का, याचं उत्तर सोपं आहे. ती मऊ आहे, ओल पटकन शोषते, उंचावर आहे म्हणून चारही बाजूंनी कोण येतंय ते दिसतं, आणि तिला तुमचा वास आहे. घाबरलेल्या किंवा दुखत असलेल्या मांजराला घरात याहून सुरक्षित जागा कुठली मिळणार? नाक घासणं आजपासून बंद. त्यातून त्याला एवढंच कळतं की शू करताना तुम्ही जवळपास असणं धोक्याचं आहे. मग ते पलंगाखाली, कपाटामागे, तुम्हाला दिसणार नाही अशा जागी जाऊ लागतं.

तुमच्या प्रश्नात मला सर्वांत बोलकी वाटली ती अँटिबायोटिकची हकिगत. पाच दिवसांत थांबलं आणि तीन आठवड्यांनी परत आलं, हे वर्णन मी असंख्य वेळा ऐकलंय. दहा वर्षांखालच्या मांजरांमध्ये लघवीच्या त्रासाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे लघवीच्या पिशवीला येणारी अशी सूज, जिच्यात ना जंतू सापडतात ना खडे. आम्ही तिला फिलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतो, बोलताना एफआयसी. तपासणीला आणलेल्या अशा मांजरांपैकी निम्म्याहून जास्त याच गटात निघतात. जंतुसंसर्ग तरुण मांजरांत फारच कमी असतो, तो म्हातारपणी वाढतो. आणि एफआयसीचा झटका बहुधा आठवड्याभरात आपोआप ओसरतो. म्हणजे कोर्स चालू होता म्हणून बरं वाटलं असं आपण समजतो, पण औषध दिलं नसतं तरी पाचव्या-सातव्या दिवशी तेवढंच बरं वाटलं असतं. मूळ कारण जागच्या जागी राहतं आणि झटका परत येतो.

मूळ कारण बहुतेक वेळा मांजराच्या ताणाशी जोडलेलं असतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या गटानं दाखवलं की मांजराभोवतीचं वातावरण सुधारलं, म्हणजे लपायला जागा, चढायला जागा, ठरलेल्या वेळा, खेळ, तर झटके कमी होतात. त्यांचंच आणखी एक निरीक्षण मी प्रत्येक पालकाला सांगते: रोजचा क्रम बिस्कटला की पूर्ण निरोगी मांजरंसुद्धा कमी खातात, उलट्या करतात, बॉक्सबाहेर शी-शू करतात. तुमच्या बोक्याच्या आयुष्यात एकाच सुमाराला दोन मोठे बदल झाले. तो वाईट वागायला लागला नाही, त्याचं अंग त्या बदलाला उत्तर देतंय.

म्हणून डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि या वेळी लघवीची पूर्ण तपासणी मागा. शक्यतो सुईनं थेट पिशवीतून घेतलेला नमुना, कारण बॉक्समधून उचललेल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात. गरज वाटली तर कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी), शिवाय खड्यांसाठी एक्स-रे किंवा सोनोग्राफी. खडे निघाले तर ते कोणते हे महत्त्वाचं. स्ट्रुव्हाइटचे खडे बहुधा विशिष्ट आहारानं विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावे लागतात. काहीच निघालं नाही आणि एफआयसी ठरलं, तर झटक्याच्या दिवसांत खरी गरज वेदनाशामकाची असते. ते डॉक्टरांनी दिलेलंच. तुमच्या औषधाच्या डब्यातलं काहीही नको. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण त्याचं यकृत ते औषध आपल्यासारखं निकामी करू शकत नाही.

डॉक्टरांकडे जाताना चार-पाच दिवसांची नोंद घेऊन जा. कुठे, किती वाजता, किती, आणि त्याआधी घरात काय घडलं होतं. शू पडली की गोळा होणारं लिटर असेल तर रोज गोळे मोजा. निरोगी मोठ्या मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे होतात. लिंबाएवढ्या गोळ्यांऐवजी सुपारीएवढे आठ-दहा दिसले तर पिशवी दुखतेय असं समजा. उलट गोळे मोठाले आणि ओलेचिंब होऊ लागले, पाणी पिणं वाढलं, तर किडनी, मधुमेह, थायरॉइड या दिशेनं तपासणी हवी, विशेषतः वय झालेल्या मांजरात. अशा मांजराचा बॉक्स दुपारपर्यंतच भरून जातो आणि मग ते दुसरी जागा शोधतं.

आणखी एक फरक ओळखा. मांजर उभं राहून, शेपटी ताठ करून, ती थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी पिचकारी मारतं, ते शू करणं नव्हे, ती खूण करणं आहे. त्याचे उपाय वेगळे: नसबंदी झाली नसेल तर ती, खिडकीबाहेर फिरणारं दुसरं मांजर दिसू न देणं, फेलिवेसारखं फेरोमोन (मांजराला शांत करणारं गंधद्रव्य), आणि काही वेळा डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध. नसबंदीनं बहुतेक बोक्यांचं हे थांबतं, पण दहातला एखादा त्यानंतरही करत राहतो. तुमचा बोका आडव्या, मऊ पृष्ठभागावर बसून भरपूर करतोय. म्हणजे हे शू करणंच आहे, खूण करणं नव्हे.

आता बॉक्स. शी आत आणि शू बाहेर, याचा अर्थ त्याला बॉक्स कळतो, वापरता येतो. शू करताना दुखलं, ते दुखणं नेमकं बॉक्समध्ये झालं, आणि आता त्याच्या डोक्यात त्या जागेची आणि वेदनेची गाठ बसली असावी. दुखणं थांबल्यावरही ही गाठ टिकते. म्हणून जुनाच बॉक्स घासूनपुसून पुन्हा तिथेच ठेवणं पुरत नाही. वेगळ्या आकाराचा, वेगळ्या जागी ठेवलेला, वेगळ्या लिटरचा बॉक्स द्यावा लागतो. जुना लगेच काढू नका, शी तिथे होतेय तोवर राहू द्या.

मांजर बॉक्समध्ये कसं वागतं ते एकदा मोबाइलवर चित्रित करा. मांजराला लिटर आवडत असेल तर ते आत शिरून उकरतं, वळतं, पुन्हा उकरतं, बसतं आणि मग सावकाश झाकतं. आवडत नसेल तर चारही पाय कडेवर तोलून बसेल, आतल्या लिटरऐवजी बाहेरची भिंत किंवा फरशी खरवडेल, बाहेर पडताना पंजे झटकेल आणि धूम ठोकेल. दोन मिनिटांच्या अशा चित्रफितीतून मला कधीकधी अर्ध्या तासाच्या गप्पांपेक्षा जास्त कळतं.

सुवासिक लिटर बंद करा. तो वास माणसासाठी घातलेला असतो. लिटर बॉक्सचा इतिहासच माणसाच्या सोयीचा आहे. १९४७ साली अमेरिकेत एड लोव यांनी शोषक माती मांजरांसाठी विकायला सुरुवात केली, त्याआधी लोक राख, वाळू वापरायचे. मांजराचा पूर्वज कोरड्या, वाळूच्या प्रदेशातला, त्यामुळे पंजाखाली त्याला बारीक, सुटसुटीत कण हवे असतात. बिनवासाचं, बारीक दाण्याचं, गोळा होणारं लिटर बहुतेकांना चालतं. मात्र तुमच्या बोक्याला काय चालतं हे तोच ठरवणार, म्हणून दोन बॉक्स शेजारी ठेवा, एकात हे आणि दुसऱ्यात त्याचं जुनं बिनवासाचं, आणि आठवडाभर बघा. थर तीन ते पाच सेंटीमीटर पुरे. मऊ कापडच हवं असा हट्ट दिसला तर तात्पुरतं एका बॉक्समध्ये जुना टॉवेल किंवा शोषक पॅड घालून बघा. तो तिथे जायला लागला की त्यावर रोज मूठभर लिटर वाढवत जा. ज्या मांजरांना बेसिन किंवा टाइल्स आवडतात त्यांना जवळजवळ रिकामा बॉक्स द्यावा, कुंडीत जाणाऱ्याला वाळू. मांजर आत्ता जिथे जातं तो पृष्ठभाग म्हणजे त्याची मागणी असते. तिच्यावर चिडण्याआधी ती वाचा.

बॉक्स मोठा हवा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जेवढी लांबी, तिच्या दीडपट. विकत मिळणारे बहुतेक बॉक्स मोठ्या बोक्याला तोकडे पडतात. कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा डबा एका बाजूनं कापून घेतला तर उत्तम काम होतं. झाकण असलेला बॉक्स काहींना चालतो, पण आत वास कोंडतो आणि साफ करायचं आपल्याकडूनच राहून जातं. शिवाय दोन मांजरांच्या घरात झाकणाचा बॉक्स म्हणजे एकच दार असलेली गुहा. दाराशी दुसरं मांजर बसलं की आतलं अडकलं.

इथे तुमचं पिल्लू येतं. भांडण म्हणजे फिसकारणं आणि मारामारी अशी आपली कल्पना असते. मांजरांमधला बराचसा दबाव निःशब्द असतो. एक जण बोळाच्या तोंडाशी पसरून बसतो, नुसता बघत राहतो, आणि दुसरा माघारी वळतो. पिल्लाच्या बाबतीत तर वाईट हेतूही नसतो, बॉक्समधून बाहेर येणारी हलती शेपटी हा त्याच्यासाठी खेळ असतो. पण शू करताना पाठीवर उडी पडणार हे दोन-तीनदा अनुभवलं की मोठा बोका ती जागा सोडतो. संख्येचा नियम असा: जितकी मांजरं त्याहून एक जास्त बॉक्स, म्हणजे तुमच्याकडे तीन. आणि तीन वेगळ्या ठिकाणी. एकाच खोलीत ओळीनं मांडलेले तीन बॉक्स मांजराच्या हिशेबी एकच असतात, कारण ती खोली अडवली की तिन्ही गेले. जागा शांत हवी, वॉशिंग मशीनशेजारी नको, जेवणाच्या ताटलीजवळ नको, आणि निघून जायला दोन वाटा असतील अशी हवी. खाणंपिणं, झोपायच्या जागा, खाजवायचे खांबही दोघांना एकमेकांपासून दूर द्या. मोठ्यासाठी उंचावर एक जागा अशी ठेवा जिथे पिल्लाला अजून पोचता येत नाही.

मला विचाराल तर एक पाऊल मागे जा. आठ-दहा दिवस पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवा आणि ओळख नव्यानं करून द्या. आधी अंथरुणांची अदलाबदल करून वासाची, मग दाराच्या दोन बाजूंना जेवण देऊन, मग थोडा थोडा वेळ समोरासमोर. घरात सगळ्यांना हे जास्तीचं काम वाटेल, पण यात केलेली घाई पुढे महिनोन् महिने निस्तरावी लागते. आणि शू खरंच मोठाच करतोय ना, याची खात्री नसेल तर ती या काळात आपोआप होईल.

लघवी पातळ राहिली तर पिशवीला कमी त्रास होतो, म्हणून एफआयसीच्या मांजराला ओलं खाणं मी जवळजवळ नेहमी सुचवते. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, ओल्यात पाऊण भाग पाणीच. हा बदलही हळूहळू करा, एका रात्रीत नाही. घरात तीन-चार ठिकाणी रुंद भांड्यांत ताजं पाणी ठेवा.

स्वच्छतेबद्दल लोक बॉक्सची काळजी करतात आणि गादी विसरतात. गोळे आणि शी दिवसातून दोनदा काढा, बॉक्स दर काही आठवड्यांनी सौम्य साबण आणि गरम पाण्यानं धुवा. (घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं. मांजराच्या शीतून पसरणारा, गर्भाला धोकादायक असा टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून रोज साफ करण्याचा तोही फायदा.) गादीवर शू ताजी असेल तर कापडानं दाबून टिपून घ्या, घासू नका. मग एन्झाइमचा क्लीनर भरपूर ओता. शू जितकी खोल गेली तितका तो खोल गेला पाहिजे, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ओला राहू दिला पाहिजे. लोक वरवर फवारा मारून लगेच पुसतात, तिथे सगळं फसतं. आपल्या नाकाला वास गेला तरी मांजराच्या नाकाला तो असतो. मांजराच्या, विशेषतः बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं, त्याचं विघटन होत जातं तसा तो उग्र दर्प चढत जातो. म्हणून जुना डाग नव्यापेक्षा जास्त बोलावतो. अंधारात यूव्ही टॉर्च फिरवली तर विसरलेले डाग चमकून दिसतात. अमोनियाचे क्लीनर नकोत, त्यांचा वास लघवीच्या जवळचा. फिनाईलही नको, फिनॉलची द्रव्यं मांजराला विषारी असतात आणि ते पंजे चाटतं.

हे वाचणाऱ्यांत कुणाचं मांजर म्हातारं असेल तर त्यांच्यासाठी एक आठवण. चौदा वर्षांची एक भाटी बॉक्सच्या अगदी शेजारी शी करायची. घरच्यांना तो हट्ट वाटायचा. चित्रफितीत ती बॉक्सपाशी आली, पुढचा एक पंजा कडेवर ठेवला, थोडी पुढे झुकली, थांबली, पंजा मागे घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा मागे घेतला. मग शेजारी सरकून बसली. तिचे गुडघे आणि कंबर दुखत होती. बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिलेल्या एका जुन्या अभ्यासात ९० जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसली होती, आणि मांजर लंगडत नाही म्हणून ती आपल्या लक्षात येत नाही. त्या बॉक्सची एक बाजू चार बोटं उंचीची ठेवून तिचा वरचा भाग कापला, सांध्यांचं औषध सुरू केलं. पहिल्याच संध्याकाळी ती आत गेली, आणि तिच्या घरच्या आजी फोनवर रडल्या, की आम्ही तिला इतके दिवस रागावत होतो.

देऊन टाकायचं का? आत्ता नाही, एवढंच मी सांगू शकते. नव्या घरात गेलं की ताण वाढतो, झटका तिथेही येतो, आणि तिथल्या लोकांना त्याच्या दुखण्याची काहीच कल्पना नसते. तपासणी, बॉक्स, पिल्लाची फेरओळख हे सगळं नीट करून सहा ते आठ आठवडे द्या. मधे एखाद्या दिवशी पुन्हा गादी ओली दिसेल, तेव्हा सगळं फुकट गेलं असं समजू नका. अंतर वाढतंय का ते बघा. आधी तीन दिवसांनी होत होतं, आता दहा दिवसांनी होतंय, हे बरं होणंच आहे.

आज रात्रीपुरतं: झोपायच्या खोलीचं दार लावून घ्या किंवा गादीवर पाणी न झिरपणारं कव्हर घाला, पायपुसणं उचलून ठेवा आणि त्याच जागी एक नवा, मोठा, उघडा बॉक्स बिनवासाच्या लिटरचा ठेवा. तो वापरायला लागला तर लगेच हलवू नका. दोन आठवडे तिथेच राहू द्या, मग रोज दोन-तीन बोटं सरकवत तुमच्या सोयीच्या जागी न्या. आणि सकाळी उठलात की आधी त्यातले गोळे मोजा.